अकरा सेकंद

भोसरीच्या सर्व्हर रूममध्ये नऊशे साठ डिस्क
दिवसरात्र फिरतात. काम असो, नसो.
मी त्यांच्यामधून चालते
रिकाम्या जात्यांमधून चालावं तशी:
दाणे केव्हाच संपले,
खुंटा मात्र कुणी सोडेना.

एका डिस्कला साडेसात वॅट. म्हटलं तर काहीच नाही,
जिन्यातल्या दिव्याइतकं.
पण नऊशे साठ जिन्यांत नऊशे साठ दिवे,
आणि त्यांची ऊब बाहेर काढायला एसी,
त्या एसीचं पुन्हा बिल.
महावितरणचा कागद नाडगौडा सरांनी
टेबलावर आपटला नाही, सरकवला.
त्याचीच जास्त भीती वाटते.

उन्हाळाभर मी एकच काम केलं:
कुणाला शेवटचं कधी कुणी विचारलं, ते लिहून काढलं.
गुडघ्यांचे एक्स-रे, पोटांच्या सोनोग्राफ्या,
चाकणच्या कामगारांच्या छातीचे फोटो.
सहाशे बारा डिस्कना सहा महिन्यांत
एक हाक नाही.

यूपीएसवाला तबरेज इनामदार म्हणाला,
"मॅडम, अख्ख्या पुण्यात एक ते चार
न झोपणारं हे एकच दुकान होतं."

मग मी जागे जाग्यांजवळ नेले,
झोपाळू झोपाळूंजवळ,
लग्नघरात रात्री अंथरुणं घालतात तसं:
पत्ते कुटणारे एका खोलीत, पेंगणारे दुसऱ्या.
हे वाटतं तितकं सोपं नाही.
उठताना डिस्क पंचवीस वॅट ओढते.
लगेच उठवायची असेल तर झोपवूच नये.
आणि सारखी उठवली तर एक दिवस उठतच नाही.
लहान मुलाच्या आईला हे सांगावं लागत नसेल;
मला आलेखावरून कळलं.

जूनच्या एका शनिवारी शेल्फ चौदा शांत झालं.
मग पंधरा. मग सोळा.
आवाज गेला तेव्हा कळलं की आवाज होता.
एसीच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी ऐकू आलं.
क्लॅम्प मीटरवरचा आकडा उतरला.
तबरेजनं मीटर झटकून परत लावलं.
तेवढाच.

ऑगस्टात तक्रार आली. एक ओळ:
फाइल उघडायला अकरा सेकंद लागले.
सर म्हणाले, बघ.

बघितलं. शेल्फ चौदा, डिस्क सहा.
एकोणीस तारीख, रात्री दोन वाजून पाच.
फाइल उघडायचा अधिकार मला नाही, नसावाच.
मला दिसतात आकार, प्रकार, तारखा:
चाळीस सेकंदांचा इको, नऊ वर्षांपूर्वीचा.
म्हणजे कुणाचं तरी हृदय, चाळीस सेकंद.

जुन्या लॉगमध्ये उतरले.
मागच्या वर्षी एकोणीस ऑगस्ट, दोन वाजून सात.
त्याआधी दोन वाजून चार.
त्याआधीही.

मी मागचे सहाच महिने बघितले होते.
सहा महिन्यांत ज्याची आठवण निघत नाही
ते विसरलेलं, असं एका ओळीत लिहून मोकळी झाले होते.
आणि ती ओळ बिनचूक चालत होती.

अकरा सेकंद म्हणजे किती, ते घड्याळ लावून बघितलं,
काळ्या पडद्यासमोर, हात मांडीवर ठेवून.
बराच वेळ असतो.

डिस्क सहाला मी कायमचं जागं केलं नाही.
वर्षभर साडेसात वॅट, चाळीस सेकंदांसाठी:
मला परवडलं असतं, हिशोबाला नाही.
वेळापत्रकात एक ओळ घातली.
दर एकोणीस ऑगस्टला, रात्री पावणेदोन,
शेल्फ चौदा, डिस्क सहा: उठव.
तीनला झोपव.

ओळीपुढे कारण लिहायचा रकाना असतो.
बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं, देखभाल.